शेजारचा ब्रेक

३ जून, मंगळवार

निघालो एकदाचे. सहाचे नऊ झाले. सासूबाई चार वेळा आत जाऊन आल्या — गॅस, खिडकी, थर्मास, आणि चौथ्यांदा कशाला गेल्या ते त्यांनाही आठवेना. मी गाडीपाशी उभी. चिडले नाही, हसले नाही. उभी होते इतकंच.

सवयीने शेजारच्या सीटचं दार उघडलं. गाडी शिकवणाऱ्याची सीट. इतकी वर्षं रोज सकाळी तेच दार उघडलंय — सकाळच्या बॅचा माझ्या, संध्याकाळच्या मास्तरच्या. (नवराच तो माझा. पण अख्खं गाव मास्तर म्हणायचं, मग मीही तेच म्हणायला लागले.) तर दार उघडलं आणि आत सासूबाई! मांडीवर पर्स, पट्टा लावून तयार. "माझ्या मांडीवर बसतेस काय?" म्हणाल्या. मी वळसा घालून स्टिअरिंगकडे गेले. त्या सीटवर मी फेब्रुवारीपासून बसलेली नाही. बसणारही नाही.

बेत साधा आहे. सासूबाईंना पार उत्तरेला, नणंदेकडे पोचवायचं. कायमचं. त्यांनीच सांगितलं — "मला लेकीकडे नेऊन सोड." मग परत येऊन गाडी विकायची, तिठ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याशी बोलून ठेवलंय. आमच्या शाळेची पाटी उतरवायची. त्यानंतर काय ते माहीत नाही. विचार करायला गेलं की डोक्यात नुसतं पांढरं येतं.

विमानाने अर्ध्या दिवसाचं काम. पण नाही — कान दुखतात म्हणे. याआधी गेल्या होत्या तेव्हा कान ठणठणीत होते. आणि कायमचं जायचं तर बॅग एकच घेतली आहे. बाकीचं मागाहून पाठव म्हणाल्या. मी कशाला वाद घालू.

टपावरची 'शिकाऊ' पाटी निघाली नाही. स्क्रू गंजलेत. तशीच घेऊन निघालो.

४ जून, बुधवार

शहर संपलं, कारखाने संपले, दुपारनंतर वस्तीही संपली. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, मधे रस्ता आणि आम्ही. हा रस्ता बघायला लोक कुठून कुठून येतात. पेट्रोलपंपावर एक जोडपं भेटलं, गळ्यात कॅमेरे. बाई म्हणाली, "नशीबवान आहात, पहिल्यांदाच बघताय." मी हो म्हणाले. हो म्हणायला काही लागत नाही.

सासूबाई उंटावरून शेळ्या हाकतायत. हळू घे. तो ट्रक बघ. वळण आलं. जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेली बाई, आणि मला सांगतेय! अर्ध्या गावाला मी गाडी शिकवली. एरवी ऐकवलं असतं. आता सगळं कानावरून जातं.

त्यांनी सीट इतकी पुढे ओढून घेतली आहे की गुडघे डॅशबोर्डला टेकलेत. पाठीमागे घरचा तक्क्या. म्हटलं, मागे सरका, पाय मोकळे होतील. "मला असंच बरं." आणि पायात नवे कॅनव्हासचे बूट! कधी घेतले, कोणाबरोबर जाऊन घेतले, काही पत्ता नाही. या वयात हौस आली म्हणायची.

रस्त्याकडेच्या लॉजवर उतरलो. इथे उत्तरेला उन्हाळ्यात अंधारच पडत नाही धड. पडदे ओढले तरी फटीतून उजेड येतोच. सासूबाई लगेच झोपल्या. मी पडून आहे. थकलेली आहे का? असेन.

५ जून, गुरुवार

झाडं. उकडलेली अंडी. झाडं.

६ जून, शुक्रवार

आज पोलिसांनी अडवलं. मागून दिवे लावून आला, बाजूला घ्या म्हणाला. उंच, तरुण, शांत. आधी टपावरच्या पाटीकडे बघितलं, मग आमच्याकडे. मी अर्धे केस पांढरे झालेली, सासूबाई पूर्ण पांढऱ्या.

"यातलं शिकाऊ कोण?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आम्ही दोघी."

तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत. मग त्याने खाली वाकून शेजारच्या सीटपुढचे, शिकवणाऱ्यासाठी बसवलेले पेडल बघितले — क्लच, ब्रेक — आणि म्हणाला, अशी गाडी या रस्त्यावर पहिल्यांदाच बघतोय. मग माझ्याकडे वळून म्हणाला की तुम्ही दोन वेळा मधली रेघ ओलांडलीत. झोप येत होती का?

नाही म्हणाले. खरंच येत नव्हती. रेघ ओलांडली तेही कळलं नव्हतं. मास्तर असता तर त्याला हसूच आलं असतं — रेघेवरून गाडी गेली म्हणून किती जणांना मी परीक्षेला बसू दिलं नव्हतं!

"थांबून कॉफी घ्या," पोलीस म्हणाला. घेतली. कडू असावी.

तळं लागलं दुपारी. एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसेना. सासूबाई काठावर जाऊन हात बुडवून आल्या. "बर्फासारखं आहे," म्हणाल्या, "बघ तर." मी गाडीतच बसून राहिले. मला वाटलं नाही उतरावंसं. आधी असं काही वाटेनासं झालं की त्याचं वाईट वाटायचं, तेही आता बंद झालंय. लोक म्हणायचे, रडून घे. प्रयत्न करून पाहिला. तेराव्याला नाही, नंतर नाही, कधीच नाही. नळ उघडावा आणि पाणीच नसावं.

७ जून, शनिवार

आज पुलापाशी झालं ते क्रमाने लिहिते.

पुलाची दुरुस्ती चालू होती. एकाच बाजूने वाहतूक. अलीकडे तात्पुरता सिग्नल, शिवाय झेंडी घेऊन उभा एक माणूस, नारिंगी कपडे. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी सरळ चालले होते. रस्ता होता, मी चालवत होते.

गाडी खाडकन थांबली. पट्टा छातीत रुतला, थर्मास काचेवर आपटला, इंजिन बंद. पहिला विचार — मी ब्रेक मारला? नाही. माझा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. आणि मग पुलावरून तो ट्रक आला. ओंडके लादलेला. आमच्या नाकासमोरून गेला तेव्हा अख्खी गाडी हलली.

खाली बघितलं. सासूबाईंचा कॅनव्हासचा बूट. ब्रेक पूर्ण खाली दाबलेला, अजून पाय काढला नव्हता.

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी श्वास सावरला आणि विचारलं,

"काय दिसलं?"

हे त्याचं वाक्य. मास्तरचं. शिकणाऱ्याच्या चुकीने ब्रेक मारावा लागला की बाकीचे शिकवणारे ओरडतात. मीही ओरडायचे. तो कधीच नाही. गाडी थांबायची, तो दोन क्षण जाऊ द्यायचा आणि विचारायचा — काय दिसलं? सायकल दिसली की नाही, मूल दिसलं की नाही, ते खरं सांगायचं.

"काही नाही," मी म्हणाले.

"मला वाटलंच."

तोवर झेंडीवाला धावत आला. तोंडावर आलेल्या शिव्या त्याने पाटी बघून गिळल्या. मला म्हणाला, बाई, या आजी होत्या म्हणून वाचलात, ऐकत जा त्यांचं. मग सासूबाईंकडे बघून — "आजी, किती दिवस शिकवताय हिला?"

"बरेच झाले," सासूबाई म्हणाल्या. "अजून कच्ची आहे."

मी इंजिन पुन्हा चालू केलं. काय सांगणार त्याला?

लिहूनच टाकते. तो गेला तो त्याच सीटवर. संध्याकाळची बॅच, बेकरीवाली शिकत होती. नवीनच होती, तिसरा-चौथा तास असेल. ती घरी आली होती भेटायला, तेव्हा रडत रडत सांगितलं. गाडी हळूहळू कडेला गेली आणि थांबली. अगदी अलगद. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. ती सॉरी म्हणाली. मास्तर काही बोलले नाहीत. ती पुन्हा सॉरी म्हणाली. वाट बघत बसली, की आता विचारतील काय दिसलं. मग तिने त्यांच्याकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आल्यावर हातात फार वेळ नसतो. तेवढ्यात त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली. बेकरीवालीला खरचटलंसुद्धा नाही. पाय ब्रेकवरच होता.

त्या सीटवर सासूबाई बसल्या आहेत. मंगळवारपासून. मी त्यांना मागे बसा म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तर ऐकलं असतं का?

८ जून, रविवार

सकाळी किल्ली फिरवायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "आजपासून बोलत चालवायचं."

हेही त्याचंच. ज्याला दिसत नाही त्याला तो बोलायला लावायचा. समोर काय, डावीकडे काय, आरशात काय, मोठ्याने, न थांबता. बोलायचं म्हटलं की बघावंच लागतं. घरी जेवतानासुद्धा त्याच्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. समोर वाटी, उजवीकडे पाणी, आई ओव्हरटेक करतेय!

मी म्हटलं, आई, मी शिकवते हे लोकांना.

"मग येत असेलच तुला."

सुरू केलं. लाज वाटली आधी. समोर रस्ता. सरळ. डावीकडे झाडं. उजवीकडे झाडं. आरशात कोणी नाही. समोर चढ. पाटी, वळणाची. वळण. डावीकडे झाडं.

"कसली झाडं?"

कसली झाडं म्हणजे? मग बघितलं. खोड पांढरं, साल सुटलेली, पानं लहान आणि सारखी हलणारी. ही कालपासून असतील? की आज लागली? उजवीकडे वेगळी, काळपट हिरवी, टोकदार. खाली दगड, दगडांवर शेवाळ — शेवाळ कसं म्हणू, पिवळसर करडं, वाळलेलं. समोर पाणी साचलंय. आरशात एक लाल गाडी. लाल गाडी मागे राहिली. समोर आकाश. फार आहे इथे आकाश.

"आणि?"

आणि डोंगर, पार लांब, वर अजून बर्फ आहे, जूनमध्ये. आणि समोर — थांबले. मोठ्या शिंगांची हरणं, रस्त्यात. मी ब्रेक मारला. मी. सासूबाईंच्या पायाकडे बघितलं, त्यांचाही गेला होता, पण माझा आधी.

हरणं घाई करत नाहीत. एक पिल्लू आमच्याकडे बघत उभं राहिलं, आई पुढे गेली तरी. मग धावलं.

"दिसलं," सासूबाई म्हणाल्या आणि अंडं सोलायला घेतलं.

दिवसभर बोलले. संध्याकाळी खाणावळीत सूप घेतलं. खारट होतं! मालकिणीला सांगितलं, फार खारट आहे. ती म्हणाली, चार दिवस सगळे तेच म्हणतायत, आचारी प्रेमात पडलाय, मिठाकडे लक्षच नाही त्याचं. सासूबाई इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं. मी पण थोडी हसले वाटतं.

फेब्रुवारीपासून मी काय काय खाल्लं, एकाचीही चव सांगता येणार नाही. आज खारट लागलं.

९ जून, सोमवार

घसा बसला. बोलून बोलून. सासूबाई म्हणाल्या, कुजबुजलीस तरी चालेल.

१० जून, मंगळवार

डांबर संपलं. खडीचा रस्ता, मग नदी. पूल नाही, तराफा आहे, लोखंडी दोरावर ओढला जाणारा. गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, पहिल्या गियरमध्ये ठेवली. तराफेवाल्याने चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. नदी रुंद, चहाच्या रंगाची. काठावरून दोन बदकं उठली.

आज विचारलं. दोन दिवसांत नणंदेचं घर येईल, नंतर विचारणं व्हायचं नाही. तराफ्याच्या कठड्याला टेकून आम्ही उभ्या होतो. मी म्हटलं, "आई, माझा कंटाळा आला का तुम्हाला?"

"कोण म्हणालं?"

"मग जाताय कशाला?"

"लेक आहे माझी ती."

मी कोण मग? हे म्हणाले नाही. पण आलं होतं तोंडाशी. लग्न होऊन आले तेव्हापासून यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात राहिले. पहिली काही वर्षं आम्ही एकमेकींना पाण्यात बघायचो — मास्तर म्हणायचा, दोघींनाही एकेक ब्रेक बसवून द्यायला हवा. मग कधीतरी ते संपलं. कधी ते सांगता यायचं नाही. आता तिथे मी एकटी राहणार. सकाळी चहा एकच कप. या विचाराने पोटात खड्डा पडला. खड्डा पडला हे जाणवलं, म्हणून लिहून ठेवते. एरवी आजकाल काही पडत नाही.

मला भीती वाटते परत जायची. बास. लिहिलं.

तराफा पलीकडे लागला. "समोर बघ," सासूबाई म्हणाल्या, "आणि बोल."

समोर चढ. खडी. समोर काही नाही. खरंच काही नाही, झाडंसुद्धा नाहीत आता, नुसती उघडी जमीन आणि वारा. सुंदर आहे. हेही बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "हं."

११ जून, बुधवार

पोचलो दुपारी. नणंदेचं घर लाकडी, लाल रंगाचं, आजूबाजूला मैदान, फाटकापर्यंत खडीची वाट. नणंद दवाखान्यातून तशीच आली होती, नर्सच्या कपड्यांत. गळ्यात पडली. "वहिनी, किती वाळलीस ग." मी तिच्या खांद्यावरून बघत होते. समोर दार, दारात तिचा नवरा, हातात टॉवेल. सवय लागली आता, सुटत नाही.

नणदोई हिवाळ्यात बर्फ काढायचं यंत्र चालवतात, उन्हाळ्यात तेच दुरुस्त करत बसतात. मितभाषी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून पेडल बघितले, मग सासूबाईंना विचारलं, "जमला का?"

"जमला," सासूबाई म्हणाल्या.

काय जमला? तेवढ्यात जेवण वाढलं, विचारायचं राहिलं.

सासूबाईंना हॉलमधल्या घडीच्या कॉटवर झोपवलंय. कायमच्या राहायला आलेल्या माणसाला घडीची कॉट! खोली तयार करायला वेळ मिळाला नसेल. मला बरं नाही वाटलं.

१२ जून, गुरुवार

आज पहिल्यांदा राग आला. इतका आला की भांडी घासता घासता बशी फुटली.

सकाळी मी नणंदेला विचारलं, आईंची खोली कुठली करणार, मी जायच्या आधी सामान लावून देते. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "कसली खोली?"

"आई राहणार ना इथे."

तिने हातातली चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले, एकेक करून, सावकाश. मला कळलं की काहीतरी आहे. मग म्हणाली, "आईने बजावलं होतं तुला सांगायचं नाही. पण पोचलात तुम्ही. आता काय."

सासूबाई राहायला आलेल्याच नाहीत. हे सगळं एप्रिलपासून चाललं होतं आणि मला कुणी ताकास तूर लागू दिली नाही! सासूबाईंनी हिला फोन करून सांगितलं होतं — सूनबाई उठत नाही. उठली तर चालवते पण बघत नाही. बाजारात गेली तर सिग्नल तोडून आली, आणि तिला ठाऊकच नाही. स्वतःसाठी ती हलायची नाही. माझं काम आहे म्हटलं तर हलेल. मग मला तिकडे पोचवायचं काम काढते. विमानाने नको, गाडीने. लांबचा रस्ता. आणि मी त्याच्या सीटवर बसते.

"अग पण ब्रेक?" मी म्हटलं. "त्यांना ब्रेक कसा—"

दुपारी दुपारी सासूबाई अंगणात गाडीत जाऊन बसायच्या. रोज. मला वाटायचं मुलाच्या आठवणीने बसतात, म्हणून मी तिकडे जायचे नाही. त्या बसायच्या, मांडीवर फोन ठेवायच्या आणि जावयाला लावायच्या. पाय पुरत नाही, काय करू? सीट पुढे घ्या. चप्पल सटकते. बूट घ्या, पातळ तळव्याचे. किती दाबू? घाबरलात तर पूर्ण दाबा, आणि काढू नका. एरवी एक वाक्य न बोलणारा माणूस, नणंद म्हणाली, रोज अर्धा तास सासूला फोनवरून ब्रेक शिकवत होता.

मी आत आले, भांडी घासायला घेतली, बशी फोडली. मग सरळ हॉलमध्ये गेले. सासूबाई कॉटवर बसून बुटाची नाडी बांधत होत्या.

"मला मूर्ख बनवलंत," मी म्हटलं.

"बनवलं. मग?"

"मी रोज रडतखडत विचार करतेय की तुम्ही मला सोडून चाललात!"

"रडतखडत कुठे. रडली असतीस तर मी कशाला एवढ्या लांब आले असते?"

पुष्कळ बोलले. आवाज चढला, नणंद दारात येऊन परत गेली. मी म्हटलं, तुम्हाला काही झालं असतं तर. मी पुलावर त्या ट्रकखाली तुम्हाला घेऊन गेले असते तर. या वयात त्याच सीटवर बसून, जिथे तो — आणि पुढचं मला येईना. त्यांनी मला बोलू दिलं सगळं. मग म्हणाल्या,

"माझ्या मुलाने त्या सीटवर बसून जन्मभर दुसऱ्यांच्या पोरी सांभाळल्या. जाता जाताही एक सांभाळून गेला. घरची एक राहिली होती. ती मी सांभाळली, भीती वाटायची रोज, पण सांभाळली. आता माझे गुडघे गेले. यापुढे तुझं तू बघायचंस."

मी खाली बसले, कॉटपाशी, जमिनीवर.

"गाडी विकायची तर वीक," त्या नाडी ओढत म्हणाल्या. "शाळा बंद करायची तर कर. पण मला शिकवून मग कर. तिकडून इकडे येईपर्यंत सगळं बघितलं मी, पाय काय करतात, हात काय करतात. एवढं काही अवघड नाही ते. तुम्ही दोघांनी उगाच त्याचं अवडंबर माजवलंत."

अवडंबर! मला हसू आलं आणि राग तसाच होता. दोन्ही एकदम. किती दिवसांनी माझ्यात दोन गोष्टी एकदम होत्या.

संध्याकाळी नणदोई स्प्रे आणि पाना घेऊन आले, टपावरची पाटी काढून देतो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, राहू दे.

१३ जून, शुक्रवार

सवयीने शेजारचं दार उघडलं. सीट रिकामी.

सासूबाई स्टिअरिंगमागे होत्या. तक्क्या पाठीला, पट्टा लावलेला, दोन्ही हात अगदी बरोबर जागी. "फक्त फाटकापर्यंत," म्हणाल्या. "रस्त्यावर नाही. तेवढं कळतं मला."

मी उभी राहिले. मग बसले. गुडघे डॅशबोर्डला आपटले, त्यांनी पुढे ओढलेली सीट होती ती. खालचा दांडा ओढून मागे सरकवली. सरकत सरकत जुन्या खाचेत जाऊन बसली, खट्. टाच आपोआप रबरी मॅटच्या खळग्यात गेली. दोघांच्या टाचांनी पडलेला खळगा. त्यातला त्याचा किती, माझा किती, कळत नाही.

पाय ब्रेकवर ठेवला. "काय दिसतंय?" मी विचारलं.

"समोर वाट," सासूबाई म्हणाल्या. "फाटक. फाटकावर पक्षी." मग आरशात बघावं तसं शेजारी माझ्याकडे बघितलं.

"चालू करू, की आधी रडून घेतेस?"

थांबा म्हटलं. आधी रडते.